रेक्विएम कोणाचे? मोझार्टची अपुरी रचना आणि ती पुरी करणारे हात



दिवंगत व्यक्तीच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानासाठी विषय निवडताना मला एका स्मृतिसंगीताचीच निवड करावीशी वाटली. वोल्फगांग आमाडेउस मोझार्टचे डी मायनरमधले 'रेक्विएम' हा आजचा विषय आहे. मृतात्म्याला शांती लाभावी म्हणून कॅथलिक चर्चमध्ये जी लॅटिन मिस्सा होत असे, तिला रेक्विएम म्हणतात. वसईतल्या आणि गोव्यातल्या वडीलधाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी ही लॅटिन प्रार्थना लहानपणी चर्चमध्ये ऐकलेली आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषांत आली, वसईत मराठीत आणि गोव्यात कोकणीत. तेव्हा ही परंपरा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

मला काय म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. हे रेक्विएम एकट्या मोझार्टचे नाही. त्याने ते आरंभले, त्याच्यामागे निदान दोघांनी त्यावर काम केले, त्याच्या पत्नीने ते तडीला नेले आणि ज्याने ते लिहून घेतले त्याने ते स्वतःचे म्हणून मिरवले. या प्रत्येकाचा वाटा नीट मोजून, नावानिशी सांगितला पाहिजे. तसे केल्याने रसभंग होतो असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. कोणाचा हात कुठे संपतो आणि कोणाचा कुठे सुरू होतो हे कळल्यावर ही रचना जास्त खोलवर ऐकू येते.

आता १७९१ सालाकडे वळू. व्हिएन्नाच्या दक्षिणेला श्टुपाख नावाच्या गढीत काउंट फ्रान्झ फॉन वाल्झेग हा तरुण सरदार राहत होता. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला त्याची पत्नी आना वारली. ती अवघी २० वर्षांची होती. तिच्या स्मरणार्थ दरवर्षी म्हणता येईल अशी मिस्सा त्याला हवी होती. उन्हाळ्यात त्याने मध्यस्थामार्फत मोझार्टला निरोप धाडला आणि काही रक्कम आगाऊ दिली. मागणी कोणाची हे मात्र कळू दिले नाही.

वाल्झेगला संगीताचे वेड होते. गढीवर नियमित मैफली होत. नामवंतांकडून रचना विकत घ्यायच्या, त्या स्वतःच्या हाताने उतरवून काढायच्या आणि वादकांना विचारायचे, ओळखा पाहू कोणाची? वादक धन्याचे मन राखण्यासाठी त्याचेच नाव घेत आणि तो हसून गप्प राही. हे सारे लिहून ठेवले आंटोन हेर्त्सोग या शाळामास्तराने. त्या गढीवरच्या संगीतात तो स्वतः सहभागी असे. त्याची ही टिपणे १८३९ सालची, पण ती जगापुढे आली १९६४ मध्ये. तोवर निनावी निरोप्याभोवती दंतकथांचे जाळे विणले गेले होते.

त्या वर्षी मोझार्टच्या हातात कामांची रीघ होती. प्रागसाठी 'ला क्लेमेंत्सा दि तितो' हा ऑपेरा ६ सप्टेंबरला झाला आणि व्हिएन्नात 'द मॅजिक फ्लूट' ३० सप्टेंबरला रंगभूमीवर आला. क्लॅरिनेटची प्रसिद्ध कंचेर्तोही याच शरदातली. त्यातून वेळ काढून तो रेक्विएम लिहीत होता. २० नोव्हेंबरला त्याने अंथरूण धरले. ५ डिसेंबरच्या पहाटेआधीच, मध्यरात्र उलटून तासाभराने तो गेला. वय ३५. मागे पत्नी कॉन्स्टान्झ, सात वर्षांचा एक मुलगा, पाच महिन्यांचेही न झालेले दुसरे मूल आणि कर्ज.

टेबलावर काय उरले होते? आस्वादाचा सगळा प्रश्न या उत्तरावर उभा आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

पाश्चात्त्य स्वरलेखनात उभ्या रेषांनी पाडलेल्या एकेका घराला बार म्हणतात. पानावर वरपासून खालपर्यंत वाद्यांच्या आणि आवाजांच्या ओळी असतात आणि तळाशी खर्जाची ओळ असते. मोझार्टची लिहिण्याची रीत अशी होती की आधी गायकांच्या चारही ओळी आणि खर्ज पुरा करायचा, व्हायोलिन किंवा ट्रॉम्बोन जिथे महत्त्वाचे बोलणार असतील तिथे त्यांचे काही बार टिपून ठेवायचे आणि बाकीची घरे मागाहून भरायची. रेक्विएमचा पहिला भाग, इन्ट्रॉइटस, तेवढा सर्वांगांनी त्याच्या हातचा पुरा आहे. त्यानंतरच्या 'कीरिए'त आवाज आणि खर्ज त्याचे, वाद्ये इतरांनी भरलेली. 'डिएस इराए'पासून 'कोन्फुटाटिस'पर्यंतचे पाच भाग आणि पुढचे 'डोमिने येझू' व 'होस्तियास' हे दोन भाग अशाच सांगाड्याच्या रूपात आहेत. 'लाक्रिमोसा'चे पहिले आठ बार आहेत. 'सांक्टुस', 'बेनेडिक्टुस' आणि 'आग्नुस देई' या तीन भागांचा त्याच्या अक्षरातला एकही बार मिळालेला नाही.

सांगाडा हा शब्द वापरला खरा, पण त्याने गैरसमज होऊ नये. गाण्याच्या चार ओळी आणि खर्ज हाती आला की रचनेचा विचार, तिची वळणे, तिची सांगीतिक वाक्ये सगळी हाती येतात. उरतो तो रंग. मोझार्टने या रचनेचा वाद्यमेळही विचारपूर्वक बेतला होता. बासरी नाही, ओबो नाही, फ्रेंच हॉर्न नाही. त्यांच्या जागी क्लॅरिनेटच्याच कुळातले पण अधिक गडद आवाजाचे दोन बॅसेट हॉर्न, त्यांच्या सोबतीला बासून, तीन ट्रॉम्बोन, दोन ट्रम्पेट, टिंपनी, तंतुवाद्ये आणि ऑर्गन. पहिल्याच बारांत तंतुवाद्ये तालाच्या सांध्यांतून हलके पाऊल टाकतात आणि त्यांच्यावर बासून व बॅसेट हॉर्न एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे एकामागून एक येतात. तेजस्वी, उघडे स्वर काढून घेतल्यामुळे सारे संगीत कसे संध्याछायेत शिरते ते तिथेच ऐकू येते.

याच भागात मोझार्ट स्वतः कोणाकोणाचा ऋणी आहे हेही दिसते. हेंडेलने १७३७ मध्ये राणी कॅरोलिनच्या अंत्यविधीसाठी लिहिलेल्या रचनेशी इन्ट्रॉइटसचे नाते आहे. 'कीरिए' ही फ्यूग आहे, म्हणजे एकच स्वरवाक्य एका आवाजाने मांडायचे, ते दुसऱ्याने उचलायचे, मग तिसऱ्याने, आणि सगळ्यांची गुंफण चालू ठेवायची. इथे अशी दोन वाक्ये एकाच वेळी धावतात. त्यांची बीजे हेंडेलच्या समूहगानांत सापडतात. जोझेफ हायडनचा धाकटा भाऊ मिखाएल हायडन याने १७७१ मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपसाठी रेक्विएम लिहिले होते, ते मोझार्टने पंधराव्या वर्षी जवळून ऐकले होते आणि त्याचाही ठसा इथे आहे. म्हणजे ज्या भागावर मोझार्टचा हक्क निर्विवाद आहे, त्यातही आधीच्या पिढ्यांचे स्वर मिसळलेले आहेत. चर्चच्या संगीतात हे चौर्य मानले जात नसे. पूर्वसुरींचे वाक्य घेऊन त्याला नवा अर्थ देणे हेच तिथले पांडित्य होते.

कॉन्स्टान्झपुढे पेच होता. काम अपुरे राहिले तर ठरलेली रक्कम मिळणार नव्हती, घेतलेली आगाऊ परत करावी लागेल ही भीती. तिने आधी योझेफ आयब्लरला गाठले. मोझार्ट या तरुण रचनाकाराला फार मानत असे. २१ डिसेंबर १७९१ ला आयब्लरने हस्तलिखित मिळाल्याची पोच लिहून दिली आणि येत्या उपवासकाळाच्या मध्यापर्यंत काम पुरे करण्याचे वचन दिले. 'डिएस इराए'पासून 'कोन्फुटाटिस'पर्यंतच्या रिकाम्या घरांत त्याने वाद्यांचे स्वर भरले, तेही थेट मोझार्टच्या पानांवर. ते काम अत्यंत नेटके आहे. मग तो 'लाक्रिमोसा'शी आला. आठव्या बारानंतर त्याने सोप्रानोच्या, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या, ओळीत दोन बार लिहिले आणि तिथेच हात आखडला. हस्तलिखित त्याने परत केले.

तो का थांबला याविषयी त्याने काही लिहून ठेवले नाही. पण ते आठ बार ऐकल्यावर त्याच्या जागी उभे राहून पाहता येते. दोन बार व्हायोलिनचे उसासे. मग गायकवृंद येतो, आणि पाचव्या बारापासून सोप्रानोचा आवाज पायरी पायरीने चढू लागतो, आधी सरळ आणि मग अर्ध्या अर्ध्या स्वराने, आठव्या बाराशी थेट शिखरावर. तिथे मोझार्टचे अक्षर संपते. रिकामी घरे भरणे निराळे आणि त्या शिखरावरून पुढचे पाऊल कुठे टाकायचे हे ठरवणे निराळे. आयब्लरने ती जबाबदारी घेतली नाही. पुढे तो व्हिएन्नाच्या दरबाराचा प्रमुख संगीतकार झाला. १८३३ मध्ये हेच रेक्विएम संचालित करत असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला.

ती जबाबदारी घेतली फ्रान्झ झावर झ्यूसमायरने. वय २५. शेवटच्या वर्षात तो मोझार्टकडे नकला उतरवणे, मदत करणे अशी कामे करत होता. कॉन्स्टान्झची बहीण सोफी हिने १८२५ मध्ये लिहिलेल्या आठवणींनुसार अखेरच्या दिवशी तो बिछान्याशी होता आणि रेक्विएम कसे पुरे करायचे ते मोझार्ट त्याला समजावत होता. झ्यूसमायरने सांगाड्याचे भाग नव्याने लिहून काढून त्यांचा वाद्यमेळ पुरा केला, 'लाक्रिमोसा' नवव्या बारापासून शेवटपर्यंत नेला आणि 'सांक्टुस', 'बेनेडिक्टुस', 'आग्नुस देई' हे भाग दिले. शेवटच्या 'कोम्युनिओ'साठी मोझार्टचे इन्ट्रॉइटस आणि कीरिएचे संगीतच नव्या शब्दांवर बसवले. त्याचे अक्षर मोझार्टच्या अक्षराशी इतके मिळतेजुळते होते की पुढे कित्येक वर्षे जाणकारांचीही फसगत झाली. वाल्झेगकडे गेलेल्या प्रतीवर मोझार्टची सही आहे आणि तिच्यापुढे साल आहे १७९२. मोझार्टला जाऊन तेव्हा महिने लोटले होते.

वाल्झेगने ती प्रत स्वतःच्या हाताने उतरवली आणि १४ डिसेंबर १७९३ ला वीनर नॉयश्टाट इथल्या मठाच्या चर्चमध्ये आपली रचना म्हणून स्वतः संचालित केली. पण त्याआधीच, २ जानेवारी १७९३ ला, मोझार्टचा आश्रयदाता गॉटफ्रीड फान स्वीटन याने कॉन्स्टान्झच्या मदतीसाठी व्हिएन्नात तिचा प्रयोग घडवला होता. १८०० मध्ये लाइपझिगच्या ब्राइटकॉफ आणि हेर्टेल या प्रकाशकांनी ती मोझार्टच्या नावाने छापली.

वाल्झेगला आपण खलनायक ठरवून मोकळे होतो. त्याचे वागणे मी सावरू पाहत नाही. पण पत्नीच्या पहिल्या वर्षश्राद्धाआधीच तिच्यासाठी संगीत हवे असे त्याला वाटले नसते तर ही रचना जन्मालाच आली नसती. १७९४ च्या १४ फेब्रुवारीला, आनाच्या पुण्यतिथीला, त्याने ती पुन्हा म्हणवून घेतली. त्याची फसवणूक खरी आहे आणि त्याचा शोकही खरा आहे. दोन्ही एकत्र धरून ठेवायला हवेत.

झ्यूसमायरचेही तसेच आहे. ८ फेब्रुवारी १८०० ला त्याने प्रकाशकांना पत्र लिहिले. मोझार्टच्या शिकवणीचे आपल्यावर एवढे ऋण आहे की आपले काम त्याच्या नावावर खपू देणे आपल्याला मान्य नाही, कारण आपले काम त्या थोर माणसाच्या तोलाचे नाही, असा त्याचा आशय आहे. कोणते भाग मोझार्टचे आणि कोणते आपले हेही त्याने सांगितले. 'सांक्टुस', 'बेनेडिक्टुस', 'आग्नुस देई' पूर्णपणे आपले असल्याचे त्याने स्पष्ट लिहिले. १८०३ मध्ये, ३७ व्या वर्षी तो वारला आणि मोझार्टप्रमाणेच झांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत, नावाच्या खुणेविना पुरला गेला.

दुसऱ्याची अपुरी रचना पुरी करण्याला संस्कृतात एक समांतर उदाहरण आहे. बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या मृत्यूने अपुरी राहिली आणि त्याच्या मुलाने उत्तरभाग लिहून ती पुरी केली. आपण कवित्वाच्या अभिमानाने हे करत नसून कथा तुटल्याचे सज्जनांचे दुःख पाहून करत आहोत, असे त्याने आरंभीच सांगितले. बाणाच्या प्रतिभेची सर मुलाला नाही असे रसिक शतकानुशतके म्हणत आले, आणि तरीही पूर्वभागाबरोबर उत्तरभागही जपत आले. झ्यूसमायरला हे भाग्य लाभले नाही, कारण त्याची कबुली आठ वर्षे उशिरा आली आणि तोवर खोटी सही होऊन गेली होती. त्या सहीचे मोल तो दोनशे वर्षे चुकवतो आहे. जे आवडेल ते मोझार्टचे आणि जे खटकेल ते झ्यूसमायरचे, अशी वाटणी श्रोत्यांनी करून टाकली.

ही वाटणी किती घसरडी आहे ते १८२५ च्या वादात दिसते. गॉटफ्रीड वेबर या संगीतशास्त्रज्ञाने या रचनेच्या अस्सलपणावर उघड शंका घेतली आणि जर्मन संगीतविश्वात मोठे वादळ उठले. मोझार्टचा मित्र आबे माक्सिमिलियान श्टाडलर बचावाला उभा राहिला. वेबरने ज्या गोष्टींना नाक मुरडले त्यांत 'कीरिए'मधल्या आवाजांच्या धावत्या तानाही होत्या. त्या तर मोझार्टच्या स्वतःच्या अक्षरात आहेत. अखेर १८३०च्या दशकात ही हस्तलिखिते व्हिएन्नाच्या दरबारी ग्रंथालयात जमा झाली. आज ते ऑस्ट्रियाचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. हस्ताक्षरे शेजारी शेजारी ठेवून पाहता आली, तेव्हा कुठे कोणाचे काय हे ठामपणे सांगता येऊ लागले. कान फसतो, म्हणून कागद लागतो.

कागदाची कथा तिथे संपत नाही. १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात हे हस्तलिखित मांडले असताना कोणीतरी एका पानाचा कोपरा फाडून नेला. 'होस्तियास'च्या शेवटी आधीचा भाग पुन्हा म्हणायची सूचना त्यावर मोझार्टने लिहिली होती. ती त्याची अखेरची अक्षरे असावीत असे मानतात. तो तुकडा परत मिळालेला नाही. उलट १९६०च्या सुमारास वोल्फगांग प्लाथ या संशोधकाला बर्लिनच्या ग्रंथालयात मोझार्टच्या टिपणांचे एक पान सापडले. त्यावर 'आमेन' या शब्दावरच्या फ्यूगचा १६ बारांचा आराखडा होता. 'लाक्रिमोसा'चा शेवट मोझार्टला एका फ्यूगने करायचा होता असा त्यातून बहुतेक अभ्यासकांनी अर्थ काढला. झ्यूसमायरने तो दोन स्वरसंगतींत उरकला होता. त्यानंतर फ्रान्झ बायर, रिचर्ड माउंडर, रॉबर्ट लेव्हिन आदींनी आपापल्या पूर्तता तयार केल्या. माउंडरने 'सांक्टुस' आणि 'बेनेडिक्टुस' गाळलेच. लेव्हिनने झ्यूसमायरचा ढाचा राखून दोष दुरुस्त केले आणि 'आमेन'ची फ्यूग विस्तारली.

झ्यूसमायरचे दोष आहेत, ते झाकायचे कारण नाही. 'सांक्टुस'मधली 'ओसान्ना'ची फ्यूग तोकडी आहे. तीच 'बेनेडिक्टुस'नंतर पुन्हा येते तेव्हा मूळ पट्टी सोडून वेगळ्याच पट्टीत येते, आणि हे त्या काळच्या रीतीला सोडून आहे. स्वरांच्या जोडणीत काही ठिकाणी विद्यार्थ्याच्या चुका आहेत. पण 'आग्नुस देई' ऐका. इन्ट्रॉइटसच्या आरंभी गायकांनी ज्या पाच स्वरांनी शांतीची याचना केली, ते स्वर इथे खर्जात पुन्हा येतात. 'सांक्टुस'च्या सोप्रानोत 'डिएस इराए'च्या चालीची रेषा ओळखू येते, मायनरची मेजर झालेली. कॉन्स्टान्झने मोझार्टच्या टेबलावरचे काही चिटोरे झ्यूसमायरला दिल्याचे सांगितले जाते. ते दुवे चिटोऱ्यांतून आले असोत वा त्याच्या स्वतःच्या समजुतीतून, ते जपणारा माणूस कामचुकार नव्हता. रचनेचे अंतरंग त्याने ऐकले होते.

आणि 'लाक्रिमोसा'. या मिस्सेतला सर्वांत प्रिय भाग हा. झ्यूसमायरच्या रूपात तो ३० बारांचा आहे, त्यांतले २२ त्याचे. मोझार्टने स्वर शिखरावर नेऊन सोडला होता. तिथून झ्यूसमायरने नवे शिखर शोधले नाही. त्याने आधीच्याच उसाशांची लय धरून श्रोत्याला हलके हलके खाली आणले आणि शेवटी पुन्हा त्या चढणीची आठवण दिली. जगभर माणसे या भागाशी रडली आहेत. त्यांच्या अश्रूंवर झ्यूसमायरचाही हक्क आहे.

चित्रपटाने या कथेत मोझार्टचा समकालीन संगीतकार सालिएरी याला आणून बसवले. पीटर शॅफरच्या १९७९ च्या नाटकावरून आलेला 'आमाडेउस' १९८४ मध्ये झळकला आणि मरणशय्येवरचा मोझार्ट सालिएरीला 'कोन्फुटाटिस' सांगतो आहे हे दृश्य लाखोंच्या मनात ठसले. पुश्किनच्या १८३० च्या नाटकापासून ही दंतकथा चालत आली आहे. सालिएरीचा या रचनेशी काहीही संबंध नव्हता. त्या बिछान्याशी जो खरोखर होता, त्याचे नाव मात्र आजही श्रोत्यांना ठाऊक नसते.

ही रचना कुठे कुठे पोचली ते पाहा. १८०९ मध्ये जोझेफ हायडनसाठी, १८४९ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीत ती गायली गेली. आणि १९ जून १९९४ ला, वेढ्यात सापडलेल्या साराजेव्होत, मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी ती संचालित केली. जागा होती तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची जळकी वास्तू. १९९२ च्या ऑगस्टमध्ये तोफांच्या माऱ्यात तिथले ग्रंथ आणि हस्तलिखिते राख झाली होती. ज्या रचनेचे सत्य एका ग्रंथालयाने जपलेल्या पानांवरून कळले, ती रचना ग्रंथालयाच्या भग्नावशेषांत मृतांसाठी उभी राहिली. त्या शहराच्या शोकाला मोझार्टच्या इन्ट्रॉइटसची जितकी गरज होती तितकीच झ्यूसमायरच्या 'आग्नुस देई'ची होती. प्रार्थना अर्ध्यावर सोडता येत नाही. मृतांसाठी म्हणायची मिस्सा शेवटपर्यंत म्हणावी लागते, आणि १७९२ मध्ये कोणीतरी ती शेवटपर्यंत नेली म्हणून ती म्हणता आली.

म्हणून माझी संगीतसंस्थांना, आकाशवाणीला, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांना आणि आपल्यासारख्या श्रोत्यांना एक साधी विनंती आहे. हे रेक्विएम जिथे सादर होईल तिथे कार्यक्रमपत्रिकेवर मोझार्टच्या नावाखाली योझेफ आयब्लर आणि फ्रान्झ झावर झ्यूसमायर ही नावेही छापली जावीत, आणि पूर्तता नवी असेल तर ती करणाऱ्याचेही नाव असावे. प्रत्येक भागापुढे तो कोणाच्या हातचा हेही द्यावे. त्याने मोझार्टचे काहीच कमी होत नाही. आठ बारांत तो किती उंच गेला हे नववा बार दुसऱ्याचा आहे हे कळल्यावरच नीट उमगते. आणि गुरू गेल्यावर, त्या उंचीपुढे आपण अपुरे आहोत हे पुरते ठाऊक असताना, पंचविशीतल्या एका शिष्याने तो नववा बार लिहायला लेखणी उचलली, या धैर्याला आपण आजवर दिली नाही ती दाद द्यायला हवी. स्मृती जपण्याचे काम असेच चालते. गेलेल्याचे अपुरे राहिलेले कोणीतरी हाती घेतो, आपल्या कुवतीने पुढे नेतो आणि त्याचे नाव खरेपणाने सांगणे हे आपले कर्तव्य ठरते.